पलूसच्या शेपटांच्या भेंड्या

किर्लोस्करवाडीला गाडीतून उतरले, की पलूस जवळच. वाटेत द्राक्षांचे मांडव. एका मांडवाखाली चार पोरे भेंड्या खेळत होती. गाण्यांच्या नव्हेत, शेपटांच्या! एक म्हणे ‘घर’, दुसरा ‘घरात’, तिसरा ‘घरातला’, मग ‘घरातल्यांना’. शेपूट न सुचेल तो बाद.

चौथी मुलगी मजुरीला आलेल्या कानडी कुटुंबातली. तिच्या भाषेत ‘मने’ म्हणजे घर. ‘मनेगे’ घरी, ‘मनेयल्लि’ घरात, ‘मनेयिंद’ घरातून. शेपटांची सवय तिला उपजतच! दूरच्या फिनिश भाषेतही विभक्त्या १५. ‘तालो’ घर, ‘तालोस्सा’ घरात, ‘तालोस्सानि’ माझ्या घरात. असल्या भाषांचे शब्द तक्त्यापेक्षा अशा खेळातच लवकर जिभेवर बसतील, असे मला वाटते. (वर्गात मी तक्तेच लिहितो, ही गोष्ट निराळी.)

मराठीची खोड मात्र न्यारी. ‘घोडा’ आला आणि ती म्हणाली, ‘‘घोडाला.’’ पोरे खदखदून हसली. ती जी गप्प झाली, ती दोन पाळ्या बोलेचना. अखेर त्यांतलाच एक तिच्याजवळ सरकला.

‘‘अगं, शेपूट लावायच्या आधी घोडा वाकतोय की! घोड्याला म्हण.’’

‘‘आंब्याला?’’

‘‘बरोबर!’’

‘‘मग मामा? माम्याला?’’

पोरे एकमेकांकडे बघू लागली.

‘‘मामा वाकत न्हाई,’’ तो म्हणाला.

‘‘का?’’

मी चपला पायांत सरकवून मुकाट्याने पलूसची वाट धरली.