रोज साफ करीत जा

वणीहून उकणी, निळजईच्या कोळसाखाणींकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची बाभूळ हिरवी असते, हे पावसाळ्याखेरीज सहसा ध्यानात येत नाही. एरवी तिच्या पानांवर कोळशाची भुकटी आणि काळ्या रानाची माती यांचा एकच थर बसलेला असतो. राजूरच्या बाजूला वळावे, तर त्यात चुनाभट्ट्यांची पांढरी पूड मिसळते. या धुळीशी माझा संबंध बरीच वर्षे झगा झटकण्यापुरताच होता. पुढे एका टिप्परने मला तिच्याविषयी धडा दिला.

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने कर्ज काढून जुना टिप्पर घेतला होता. खाणीतून रेल्वे सायडिंगपर्यंत कोळसा वाहण्याचे काम त्याला मिळाले होते. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला. “फादर, गाडी चढावर दम टाकते, काळा धूर मारते आन् डिझेलबी जास्त खाते.” त्याने हवेचा फिल्टर उघडून दाखवला. कागदाच्या घड्या धुळीने गच्च भरल्या होत्या. मी सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेला माणूस. पण सल्ला देण्याची सवय अशी, की विषयाचे अज्ञान तिच्या आड येत नाही. मी म्हणालो, “अरे, या धुळीत दुसरे काय होणार? रोज साफ करीत जा.”

त्याने माझा शब्द प्रमाण मानला. रोज संध्याकाळी पंक्चरच्या दुकानात जाऊन तो त्या कागदावर जोराची हवा मारू लागला. धूर थांबला, पिकअप परतला. आपला सल्ला लागू पडला म्हणून मी मनोमन सुखावलो.

याचे कारण पुढे मी वाचून समजून घेतले. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालले. त्यात ठिणगी नाही. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की तीत फवारलेले तेल आपोआप पेटावे, हे त्याचे मर्म. एक लिटर डिझेल पुरते जळण्यास वजनाने सुमारे बारा किलो हवा लागते, म्हणजे निदान दहा हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्या गावांत येणारा पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांपुढे आणावा. तेवढी हवा एका लिटरमागे! वाट तुंबली की ती कमी पडते, डिझेल अर्धवट जळते, त्याची काजळी होते आणि शक्ती घटते. नव्या गाड्यांतील यंत्रणा हवा मोजून डिझेलही कमी सोडते. तिथे धूर फारसा दिसत नाही, पण जोर जातोच.

काही महिन्यांनी टिप्पर पुन्हा धूर टाकू लागला. या वेळी धूर निळा होता आणि इंजिन ऑइल पिऊ लागले होते. वणीतील एका वृद्ध मिस्त्रीने हेड उतरवले तेव्हा मी मुलासोबत होतो. त्यांनी माझे बोट धरून लायनरच्या वरच्या कडेशी नेले. पिस्टनची रिंग जिथवर पोहोचते तिथवर लोखंड झिजून आत गेले होते आणि वर न झिजलेली कडा ओठासारखी राहिली होती. नख तिथे अडकत होते.

मग त्यांनी दुकानाचा दरवाजा लोटून घेतला आणि फिल्टरच्या आत पेटता बल्ब धरला. अंधारात कागदावर बारीक बारीक चांदण्या चमकल्या. जोराच्या हवेने पडलेली ती छिद्रे होती. मातीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेवरही ओरखडा काढते. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा कणसुद्धा तेलाच्या पापुद्र्यात शिरून रिंग आणि लायनर यांना कानशीसारखा घासत राहतो.

“फादर, थोडी धूय बसली म्हंजे फिल्टर खराब झाला असं नसते,” मिस्त्री म्हणाले. “थो थरच बारीक धूय अडवते. पोराले रोज साफ कराले कोनं सांगतलं?”

मुलगा मान खाली घालून उभा राहिला. त्याने माझे नाव घेतले नाही. उत्तर मलाच द्यावे लागले.

टिप्पर तीन आठवडे उभा राहिला, दोन हप्ते थकले आणि घरातले सोने गहाण पडले. मजजवळ होते ते मी दिले. त्याने ते “उसने” म्हणून घेतले आणि पुढे फेडलेही. ते परत घेताना मला जितके अवघडल्यासारखे झाले, तितके क्वचितच झाले असेल.

एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली. तुंबलेला फिल्टर ओरडून सांगतो: धूर येतो, गाडी चढावर अडते, मालक धावतो. फाटलेला फिल्टर काहीच बोलत नाही. उलट गाडी हलकी धावते, मालक खूश असतो आणि आत झीज चालूच असते. पहिल्याने मजुरी बुडते. दुसऱ्याने इंजिन जाते. पहिल्या दुखण्यावर मी दिलेला इलाज हेच दुसऱ्या दुखण्याचे मूळ ठरले होते.

मिस्त्रींनी मुलाला घालून दिलेले नियम साधे आहेत. फिल्टरवरच्या दर्शकात लाल पट्टी येईपर्यंत तो उघडू नये. प्रत्येक उघडण्यात थोडी धूळ आत सांडतेच. हवा मारायचीच झाली तर दाब कमी ठेवून आतून बाहेर मारावी आणि मग बल्ब लावून पाहावे. चांदणी दिसली तर नवा फिल्टर घ्यावा, कारण त्याची किंमत इंजिनाच्या कामापुढे नगण्य असते. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप आणि त्याच्या क्लिपा तपासाव्यात. रोज करण्याजोगे काम एकच: डब्याच्या खालची रबरी चोच दाबून तीत साठलेली धूळ पाडणे.

आता तो रोज सकाळी चोच दाबतो. मूठभर काळी धूळ खाली पडते. दर्शकाकडे एक नजर टाकून तो गाडी सुरू करतो. फिल्टरला हात लावत नाही. माझ्याकडे मात्र अजूनही कुणी ना कुणी सल्ल्यासाठी येते. मी आधी विचारतो, “मिस्त्रीला दाखवलेस का?”