एका पातेल्याची पंगत

स्वयंपाकाची थोरवी भांड्यांच्या संख्येवरून ठरविण्याची आपली जुनी खोड आहे. अमेरिकेतील टेक्सस राज्याने 1977 साली ज्या ‘चिली’स आपला अधिकृत पदार्थ ठरविले, ती मात्र एकाच पातेल्यात शिजते. मूळ पदार्थ गोमांसाचा. त्यात राजमा घालावा की नाही, यावर तेथे अद्यापि रणे माजतात. मग कोंबडी घालणाऱ्या आमच्यासारख्यांची गणना पाखंड्यांतच व्हावयाची! कांदा-लसूण परतून जिरे व तिखट घालावे. कोंबडीचे तुकडे व टोमॅटो घालून मंदाग्नीवर पाऊण तास शिजू द्यावे. राजमा तेवढा आदल्या दिवशी शिजवून ठेवावा. टोमॅटोच्या आंबटात कच्चा दाणा लवकर मऊ होत नाही.

कोणी म्हणेल, ही आळशांची सोय. असेलही, परंतु तव्यावरची एकेक पोळी वाढीत राहणारी गृहिणी सर्वांच्या मागून निवलेले अन्न एकटीच जेवते, त्या थोरवीपेक्षा हा आळस आम्हांस अधिक सुसंस्कृत वाटतो. पातेले उतरून मध्ये ठेविले की वाढणारी व जेवणारे हा भेद उरत नाही. कामाच्या दिवशीही मग तिचे पान सर्वांबरोबरच मांडले जाते.