अंगणातला बंब

१८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरीस स्थिरावली आणि लष्कर ही वस्ती वाढली. तेथील मराठी मंडळींची जुनी दगडी घरे पौषात पारा चार-पाच अंशांवर उतरला की अशी गारठतात, की भिंतीला पाठ टेकवत नाही. अशा घरात ऊब आणावी कशी? आमच्या घरचे उत्तर अंगणात उभे असे : तांब्याचा बंब.

बंब पेटवणे ही एक विद्या आहे. ती मला आजोबांनी शिकवली. तिचा पहिला धडा आगीचा नव्हे, पाण्याचा. बंबाच्या मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. पाणी भरल्यावाचून काडी ओढायची नाही. रिकाम्या बंबात जाळ झाला, तर सांध्यांची झाळ वितळते.

दुसरा धडा हवेचा. जाळीखालची कालची राख आधी काढायची. मग गोवरीचा तुकडा, चिपाडे आणि वर बाभळीच्या ढलप्या. "कोंबू नकोस रे, विस्तवालाही श्वास लागतो," आजोबा म्हणत. नळी तापली की उष्ण हवा वर चढते, खालून ताजी हवा ओढली जाते आणि बंब घुमू लागतो. मग फुंकणी खुशाल बाजूला ठेवावी.

तिसरा धडा लाकडाचा. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचेच असते. जाळाची बरीच शक्ती ते पाणी आटवण्यात खर्च होते आणि अंगणभर धूर कोंडतो. म्हणून हिवाळ्याचे सरपण उन्हाळ्यातच फोडून, रचून, वाळवून ठेवावे.

चौथा धडा मात्र सर्वांत मोलाचा : विस्तव बाहेर, ऊब आत. आजी कुडकुडत असली, तरी आजोबा निजण्याच्या खोलीत शेगडी येऊ देत नसत; बंबातल्या पाण्याने रबरी पिशवी भरून तिच्या पायांशी ठेवत. अमेरिका-कॅनडाच्या थंड प्रदेशांत काही घरांबाहेर लाकडाची भट्टी असते आणि तिचे तापलेले पाणी नळ्यांतून घरात खेळते. तत्त्व तेच.

या नियमामागचे शास्त्र मला पुढे पुस्तकांतून उमगले. धूर नसलेला लाल निखारा निरुपद्रवी भासतो. परंतु त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. बंद खोलीत निजलेल्या माणसाला जागही येत नाही. उत्तरेकडच्या वर्तमानपत्रांत हिवाळ्यात अशा वार्ता अजूनही येतात.

आता बंब माळ्यावर गेला, गॅसचा गीझर आला. पण कोंदट न्हाणीघरात तोही तितकाच घातक. आणि माझ्या शाळेतील कित्येक मुलांच्या घरी आजही शेगडीच आहे. म्हणून मार्गशीर्ष लागला की प्रार्थनेनंतर मी मुलांना आजोबांचा चौथा धडा सांगतो आणि बजावतो, "हे आज रात्री घरी आईला सांगायचे. विसरायचे नाही."