खालची खुर्ची

नांदेड-लातूरकडे माणूस निवृत्त होतो, पण त्याचं पद काही निवृत्त होत नाही. गिरदावरसाहेब शेवटपर्यंत गिरदावरसाहेबच राहतात आणि हेडमास्तरांना सख्खी नातवंडंसुद्धा शाळेतल्यासारखी बिचकून असतात. लग्नात पुढच्या रांगेत जागा, सप्ताहात नारळ, पत्रिकेत नावाखाली ‘सेवानिवृत्त’. मानाचं आहे सगळं. पण त्यात एक गोम आहे. ज्या खुर्चीवरून माणूस उठला, तिच्याच उंचीवर तो पुढची वीस-पंचवीस वर्षं मनाने बसून राहतो. नवं काही शिकायचं तर खाली बसावं लागतं, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं.

डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या आयुष्याकडे खुर्चीच्या अंगाने पाहिलं की म्हणूनच गंमत वाटते.

जन्म १९३४ चा, आजच्या लातूर जिल्ह्यातला. मुलूख तेव्हा निजामाचा. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं तेव्हा ते चौदाव्या वर्षात होते. पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले. त्या काळी इंग्रजीचा प्राध्यापक म्हटला की शेक्सपिअर आणि वर्ड्‌स्वर्थ. त्यातच उभी नोकरी निघून जाई. वाघमारे मात्र अमेरिकेतल्या काळ्या लेखकांकडे वळले आणि ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. मराठवाड्यात दलित साहित्याची चर्चा पेटलेली असताना डॉ. म. ना. वानखडे यांच्यासारखे अभ्यासकही काळ्यांच्या आणि दलितांच्या साहित्यातला हा दुवा जोडत होते. वाघमारे पुढे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दहावी-बारावीच्या निकालांनी पुढे राज्यभर गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’च्या पायाभरणीत त्यांचं नाव घेतलं जातं. त्या पॅटर्नने मुलांना किती घडवलं आणि किती नुसतं घोकायला लावलं, हा वाद लातुरात आजही चहाबरोबर चालतो.

मग आलं १९९४. जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यातून वेगळं होऊन नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि वाघमारे त्याचे पहिले कुलगुरू झाले. विष्णुपुरीच्या माळावर आज उभा असलेला पसारा पाहणाऱ्याला पहिल्या कुलगुरूचं काम कळत नाही. पहिल्या माणसाला आधीची फाईल नसते.

शिक्षण क्षेत्रात यापुढे पायरी नाही. इथवर पोचलेला माणूस सहसा उद्घाटनं करतो, प्रस्तावना लिहितो, एखाद्या समितीवर जातो. वाघमारे २००१ मध्ये लातूरचे नगराध्यक्ष झाले. त्या वेळी नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले जात, म्हणजे साठी कधीच ओलांडलेल्या माजी कुलगुरूंना गल्लीबोळात मतं मागणं आलं. लातूरचेच शिवराज पाटील चाकूरकर साठच्या दशकात याच नगराध्यक्षपदावरून राजकारणात आले आणि चढत चढत लोकसभेच्या सभापतिपदापर्यंत पोचले. तो राजरस्ता. वाघमारे तीच पायरी उतरणीच्या बाजूने आले.

कुलगुरूंकडे माणसं चिठ्ठी पाठवून, वेळ घेऊन येतात. नगराध्यक्षाच्या दारात सकाळी सातला बाई उभी असते आणि विचारते, नळ कधी येणार? गटार तुंबलंय, दिवा बंद आहे, घरपट्टी दुप्पट लागली, शेजाऱ्याने ओटा पुढे घेतलाय. इथे संदर्भग्रंथ कामाला येत नाहीत, आणि उत्तर चुकलं तर बाई तोंडावर सांगते. त्यात लातूर म्हणजे मांजरा धरणाच्या पाण्यावर जगणारं शहर. त्याची तहान पुढे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्यापर्यंत गेली. अशा गावचं नगराध्यक्षपद म्हणजे सुळावरची पोळी.

कुणी म्हणेल, हाही खुर्चीचा मोहच. म्हणावं. २००८ ते २०१४ ते राज्यसभेतही होते, म्हणजे वयाच्या ७९व्या वर्षापर्यंत. नगराध्यक्षपदाच्या काळात लातूरचं किती भलं झालं, यावरही लातूरकरांचं एकमत होणार नाही. पण मोह असतो तो वरच्या खुर्चीचा. मानाने खालच्या आणि तापाने वरच्या खुर्चीवर आपण होऊन बसायला निराळी हिंमत लागते, आणि ती या वयात फार थोड्यांत दिसते. ‘मूठभर माती’ हे त्यांच्या आत्मचरित्राचं नाव या वाटचालीला शोभून दिसतं.

वय झालं की शहाणपण आपोआप येतं, असं आपण धरून चालतो. केस उन्हात पांढरे केले नाहीत, हे वाक्य घरोघर ऐकू येतं. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. आयुष्यातले अवघड पेच माणसांपुढे ठेवायचे आणि ती कसा विचार करतात ते पारखायचं, अशी त्यांची पद्धत. तरुणपण सरल्यावर नुसत्या वाढत्या वयाने शहाणपणात फारशी भर पडत नाही, असं त्यांना आढळलं. अनुभवाकडे मोकळेपणाने पाहणारा माणूस पुढे जातो, मग वय काही असो.

नांदेडकरांना हे सांगायला बर्लिनची गरज नाही. त्यांच्यापुढे नरहर कुरुंदकर होते. इंटरला नापास होत राहिलेला हा माणूस शाळेत मास्तरकी करत होता, तेव्हाच त्याच्या वाचनाचा दबदबा होता. पदव्या मागाहून आल्या, पीपल्स कॉलेजचं प्राचार्यपद त्याच्याही मागाहून. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत व्यासपीठावरच ते गेले. वय ४९. म्हातारपण त्यांच्या वाट्याला आलंच नाही; शहाणपणासाठी ते त्याची वाट पाहत थांबलेही नव्हते.

आणि विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या स्वामीजींचे एक शिष्य, पी. व्ही. नरसिंह राव. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’चा तेलुगू अनुवाद करण्याइतकं त्यांचं मराठी पक्कं. साठी उलटल्यावर, केंद्रात मंत्री असताना, ते संगणकाच्या भाषा शिकायला बसले. नुसतं बटण दाबायला नव्हे, प्रोग्रॅम लिहायला.

मोठ्यांची उदाहरणं पुरे. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या तहसिलींमध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी निजामकाळची दप्तरं उघडली गेली. कागद उर्दूत, फारसीत, मोडीत. नांदेडात उर्दू शाळा आहेत, छापील उर्दू वाचणारे हवे तितके. पण कारकुनाने घाईत ओढलेलं शिकस्ता वळण, त्यातले महसुली शब्द आणि वर फसली साल, एवढं सगळं ज्याला उमगतं तो माणूस शोधावा लागतो. निजामी शाळेत ज्यांनी अलिफ-बे गिरवलं, ते आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. संस्थान गेलं तशी ही विद्या त्यांच्या लेखी निकामी झाली होती.

गावोगाव असे एखाददुसरे आजोबा निघतात. त्यांच्यापुढे जुनी नक्कल धरली की आधी ते चष्मा पुसतात. मग कागद उजेडाला लावतात आणि उजवीकडून बोट सरकवत एक एक अक्षर उकलतात. एखाद्या शब्दाला अडतात, पुढे जातात, परत मागे येतात. १३५७ फसली दिसलं की त्यात ५९० मिळवून ‘सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस’ असं पुटपुटतात. नातू मोबाइलवर फोटो काढून अक्षर मोठं करून दाखवतो, तेव्हा ‘हे बोटांनी ताणायचं कसं रे?’ म्हणून विचारतात. गिरदावरी विसरून केलेला हा प्रश्न ज्यांच्या तोंडून निघतो, त्यांचं म्हातारपण बरं चाललंय असं खुशाल समजावं.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीत तिकीट लागत नाही. नांदेडहून लातूर, लातूरहून उदगीर, जिथे जुनं दप्तर आणि नवा वाचणारा आहे तिथे अशा आजोबांना फुकट जाता येतं. तेव्हा घरच्या ट्रंकेत पणजोबांची उर्दू नक्कल पडून असेल तर ती काढा, असा एखादा माणूस गाठा आणि त्याच्याकडून एक ओळ तरी वाचायला शिका. आणि वाचणारे तुम्हीच असाल, तर सत्काराची वाट पाहू नका. शेजारच्या पोराला बोलावून पाटी पुढे ओढा.