ए रताळ्या!

‘ए रताळ्या!’ ही प्रेमळ शिवी आयुष्यात एकदाही न ऐकलेला मराठी माणूस दाखवा आणि बक्षीस मिळवा! बटाट्याचं नशीब बघा. त्याचा वडा होतो, वेफर्स होतात, मॉलमध्ये फ्राईज म्हणून भाव खातो. आणि रताळ्याच्या वाट्याला काय, तर शिवी आणि एकादशी.

गंमत म्हणजे ‘बटाटा’ हे नाव मूळचं रताळ्याचंच. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणायचे. स्पॅनिश-पोर्तुगीजांनी शब्द उचलला, तो दुसऱ्याच कंदाला चिकटला आणि तसाच मराठीत आला. प्रत्यक्षात दोघांचं जवळचं नातं नाही. बटाटा हा वांग्या-टोमॅटोचा भाऊबंद. रताळं मॉर्निंग ग्लोरीच्या कुळातलं!

नावांचा हा घोळ आमच्या किचनपर्यंत पोचला तो माझ्या सुरतच्या फ्लॅटमेटमुळे. उंधियोच्या सामानाच्या यादीत तिने लिहिलं होतं, ‘रताळू’. मी यादी वाचून दाखवली तर भाजीवाल्या मावशींनी विचारलं, ‘‘आपलं रताळं का गुजरात्यांचं, गं?’’ गुजरातीत रताळू म्हणजे आपलं कोनफळ आणि आपलं रताळं म्हणजे त्यांचं शक्करिया. मास कम्युनिकेशनच्या डिग्रीत हे कुणी शिकवलं नव्हतं, बॉस!

मग मावशींचा क्लासच सुरू झाला. कोनफळाची साल जाड, खरखरीत, झाडाच्या खोडासारखी. कापलं की हाताला बुळबुळीत लागतं. रताळ्याची साल पातळ, दोन्ही टोकं निमुळती. पण सालीवरून आतला रंग ओळखायला जाल तर फसाल. गुलाबी-लाल सालीचं रताळं आतून बहुतेक वेळा पांढरंच निघतं. नखाने हळूच खरवडायचं, की खरं काय ते कळतं.

पांढऱ्या गराचं रताळं कोरडं, पिठूळ. भाजायला किंवा किसायला बेस्ट. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं ‘कोकण अश्विनी’ याच गटातलं, बाहेरून लाल आणि आतून पांढरं. केशरी गराचं मऊ, ओलसर. उकडून किसायला गेलात तर लगदा होतो, पण सूप किंवा पराठ्यासाठी एकदम मस्त. तिसरं जांभळं. कापल्यावर कोनफळाचीच आठवण येते, पण साल पातळ आणि चव गोड. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने केशरी ‘भू सोना’ आणि जांभळं ‘भू कृष्णा’ अशा दोन जाती दिल्या आहेत. आणि हो, कुठलंही रताळं फ्रीजमध्ये टाकू नका. थंडीने ते आतून टणक होतं आणि शिजतच नाही.

रंगाचं एवढं कौतुक कशाला, असं वाटेल. केशरी रंग येतो बीटा कॅरोटिनमुळे, आणि त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. ते कमी पडलं तर लहान मुलांची दृष्टी जाऊ शकते. आफ्रिकेत गावोगावी केशरी रताळं पोचवणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ मध्ये वर्ल्ड फूड प्राईज मिळालं ते यासाठीच. पांढऱ्या रताळ्यात हा गुण जवळपास नसतोच.

मग ते आपल्या नाक्यावर का दिसत नाही? मावशींचं उत्तर सरळ होतं. ‘‘कोण मागतंय? उरलं तर नुकसान माझंच ना!’’ त्यांचं काहीच चुकत नव्हतं. कुणी मागत नाही म्हणून मावशी आणत नाहीत, आणि विकलं जात नाही म्हणून शेतकरी लावत नाही. आपण मात्र आठवड्याला नवा हेल्थ फॅड फॉलो करतो, इम्पोर्टेड ॲव्होकॅडोला वाट्टेल ते पैसे मोजतो आणि रताळ्याला जात विचारत नाही.

म्हणून मी एक साधी गोष्ट केली. बिल्डिंगमधल्या सहा घरांकडून दोन-दोन किलोचे पैसे आधीच गोळा केले आणि मावशींच्या हातात ठेवले. माल खपेल का, ही काळजी त्यांनी एकट्यांनीच का करायची? मावशींनी नोटा मोजल्या, कमरेच्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाल्या, ‘‘उद्या वाशीला विचारते. पण पुढच्या आठवड्यातही घ्याल ना?’’

प्रश्न मावशींचा आहे. पण उत्तर तुम्हालाही द्यायचंय.