एका जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

मोटारीचें इंजिन पुढें असतें आणि पेट्रोलची टाकी मागें. मधलें अंतर पेट्रोल आपण होऊन चालून येत नाहीं. कोणी तरी त्यास ओढून आणावें लागतें. आजच्या गाड्यांत विजेवर चालणारा पंप टाकींतच बुडविलेला असतो, आणि तो दर चौरस इंचास सुमारें ४० ते ५० पौंड दाबानें पेट्रोल पुढें पाठवितो. जुन्या गाड्यांची चाल याहून फार सौम्य. त्यांचा पंप इंजिनाच्या कुशीस बसविलेला, आपल्या मुठीएवढा, आणि त्याचा दाब अवघा दीड ते अडीच पौंड. आमच्याकडील मिस्त्री लोक यास 'एसी पंप' म्हणतात. नववीच्या वर्गास द्रवाचा दाब शिकवितांना या वर्षीं आमचा ह्या लहानशा यंत्राशीं चांगला परिचय झाला. तो वृत्तांत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस रुचेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

या पंपाच्या पोटांत रबर चढविलेल्या कापडाचा एक गोल पडदा असतो. इंजिनांतील कॅमशाफ्ट फिरूं लागला म्हणजे एक दांडी हालते. ती पडद्यास खालीं ओढते, आणि वर झालेल्या पोकळींत टाकीकडील पेट्रोल शिरतें. पडद्यास पुन्हां वर ढकलण्याचें काम मात्र इंजिन करीत नाहीं. तें पडद्याखालची स्प्रिंग करिते. कार्बोरेटरची वाटी भरली कीं तिची सुई दार मिटते, पडदा खालींच अडून राहतो, आणि दांडी रिकामी हालत राहते. म्हणजे पेट्रोल ओढावें इंजिनानें आणि ढकलावें स्प्रिंगनें! पंपाचा दाब किती, हें मुख्यतः त्या स्प्रिंगच्या ताकदीवर ठरतें. ही कामाची वांटणी ज्याच्या ध्यानांत नाहीं, तो दाब कमी पडतांच पंपालाच दोषी धरितो.

आमच्या मंडळींतील एका वयोवृद्ध गृहस्थांकडे १९७४ सालची अँबॅसेडर आहे. या जातीच्या गाड्या हिंदुस्थान मोटर्सनें १९५७ पासून २०१४ पर्यंत बनविल्या. पुढें कारखाना बंद पडला आणि सुटे भाग शोधणें हाच मालकांचा उद्योग होऊन बसला. काकांच्या पत्नीस दर आठवड्यास सेवाग्रामच्या इस्पितळांत न्यावें लागतें. वर्ध्याहून तें अवघें आठ किलोमीटर. सकाळीं जातांना गाडी निमूटपणें जाई. परंतु दुपारीं परततांना अर्ध्या वाटेवर तिचा दम कोंडे, दोनचार आचके देऊन ती उभी राही, आणि पावपाऊण तास सांवलींत थांबल्यावर जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी पुन्हां चालूं लागे. आजारी बाईनें मे महिन्याच्या उन्हांत बाभळीखालीं बसून राहावें, हें कोणास पाहवेल?

त्यांतच गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आलेली. पंधरा वर्षांवरील खाजगी गाडीची दर पांच वर्षांनीं तपासणी व्हावी असा कायदा आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्यांसाठीं २०२१ मध्यें सरकारनें निराळे नियम केले खरे. परंतु तशी नोंद केलेली गाडी प्रदर्शनास व मिरवणुकीस नेतां येते, रोजच्या कामास नेतां येत नाहीं. काकांस मिरवणूक काढावयाची नव्हती. "मास्तर, ही आतां भंगारांत देतों," असें ते एके रविवारीं उपासनेनंतर म्हणाले. आणि त्यांच्या पत्नीनें तोंड दुसरीकडे फिरविलें.

तोंवर पंप दोनदां बदलून झाला होता. मिस्त्री भला मनुष्य. पण त्याचें निदान ठरलेलें. "सर, हा पंपबी बसला जी. तिसरा टाकावा लागते." काकांचें मत निराळें: दोष सगळा उन्हाचा. त्यांनीं पाण्याची बाटली व जुनें फडकें गाडींत ठेविलेंच होतें. गाडी थांबली कीं ओलें फडकें पंपावर घालावयाचें. हा उपाय जुन्या ड्रायव्हरांचा, आणि तो अडाणीपणाचा मुळींच नाहीं. पेट्रोलमधील हलके भाग ३५-४० अंशांवरच उकळूं लागतात, आणि वर्ध्याचा पारा मे महिन्यांत ४५ च्या घरांत जातो. इंजिनाजवळची उष्णता तर त्याहून कितीतरी अधिक. नळींत वाफेचा बुडबुडा झाला म्हणजे पंप पेट्रोल ओढण्याऐवजीं तो बुडबुडाच दाबीत व ताणीत बसतो. ओल्या फडक्यांतील पाणी उडतांना पंपाची उष्णता घेऊन जातें, म्हणून क्षणभर आराम पडतो.

वर्गांत ही हकीकत सांगितली तेव्हां एका मुलानें पेट्रोलमधील इथेनॉलकडे बोट दाखविलें. तेंही निराधार नव्हतें. देशांत दहा टक्के मिश्रणाचें लक्ष्य जून २०२२ मध्यें गांठलें गेलें, आणि फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली. जुन्या गाड्यांचें रबर या मिश्रणासाठीं बनविलेलें नव्हतें. तें कोठें फुगतें, कोठें ठिसूळ होतें.

मतें तीन झालीं. माप मात्र एकानेंही घेतलें नव्हतें. शिष्य थोमा यास आपण संशयी म्हणून नांवें ठेवितों; परंतु मोटारीच्या बाबतींत आम्ही त्याच्याच पक्षाचे आहों. एका शनिवारीं शाळेच्या मोकळ्या मैदानांत गाडी आणविली. वाळूच्या दोन बादल्या जवळ ठेविल्या, मुलांस वह्या घेऊन दूर उभें केलें, आणि पेट्रोलला हात फक्त मिस्त्रीनें लावावा असें ठरविलें. (हा प्रयोग कोणीही घरीं करूं नये, पेट्रोलची वाफ दिसत नाहीं, पण पेट घेते.)

प्रथम इंजिनांतील तेलाची पट्टी काढून तिचा वास घेतला. पंपाचा पडदा फाटला असता तर पेट्रोल खालीं तेलांत उतरलें असतें, आणि पातळ झालेल्या तेलानें इंजिनाचाच घात झाला असता. तेल निर्दोष होतें. मग कार्बोरेटरजवळ नळींत टी बसवून तीवर दाबाचें गेज लाविलें. थंड इंजिनावर कांटा दोन पौंडांवर स्थिर. गाडी पवनारपर्यंत नेऊन आणिली, तों कांटा एकाच्याही खालीं, आणि थरथरणारा! ओलें फडकें घातलें. कांटा सव्वावर चढला व पुन्हां उतरला. मिस्त्रीनें मुलांकडे विजयी मुद्रेनें पाहिलें.

आतां खरी परीक्षा. पंपाकडे येणारी टाकीची नळी सोडविली, आणि नवी आंखूड नळी लावून तिचें टोंक पेट्रोलच्या एका डब्यांत सोडलें. पंप तोच, तितकाच तापलेला, ऊन तेंच. कांटा दोनावर जाऊन बसला तो हालेना. मुलें एकदम ओरडलीं. मिस्त्री मात्र गप्प झाला, आणि मग स्वतःच गाडीखालीं शिरला. पंप दोषी नव्हता, एकटें ऊनही नव्हतें. दोष पंपाच्या मागें होता.

जुनी नळी परत जोडून टाकीचें झांकण सैल केलें, फरक नाहीं. म्हणजे टाकीस हवा मिळत होती. उरली ती लोखंडी नळी व पंप यांस जोडणारी वीतभर रबरी नळी. ती बाहेरून कोरडी होती, म्हणूनच तिचा संशय कोणास आला नव्हता. पण टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेंत पंप ओढीत असतो. तेथें चीर पडली तर बहुधा पेट्रोल बाहेर गळत नाहीं, उलट हवा आंत शोषली जाते. थेंब पडावा तरी कसा? थंड असतांना ती चीर मिटून राही. तापून रबर मऊ झालें कीं उघडे, आणि आंतला थरही ओढीनें चपटा होई. मिस्त्रीनें नळी उभी चिरली तेव्हां आंतून काळा भुगा निघाला. "सर, हे तं आपण पाहिलीच नाई जी," तो म्हणाला.

इथेनॉलला टिकणारी नवी नळी व दोन क्लिपा एवढाच खर्च आला. त्याच दुपारीं पवनारची दुसरी फेरी झाली. कांटा दोनावरच होता. पुढील आठवड्यांत काका-काकू सेवाग्रामला जाऊन वाटेंत कोठें न थांबतां परत आलीं, आणि महिन्याच्या आंत गाडी तपासणींतूनही पार पडली. काढून टाकलेले दोन्ही पंप काकांनीं बिस्किटांच्या डब्यांत जपून ठेविले आहेत. त्यांतला एक तरी चांगलाच असला पाहिजे.

चिरलेली नळी आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटांत, हवेच्या पंपाशेजारीं ठेविली आहे. ज्या पालकांच्या घरीं जुनी गाडी आहे, त्यांनीं शाळेच्या वेळांत येऊन ती अवश्य पाहावी.