प्रहार की हस्तस्पर्श?

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून आलेला आमच्या धर्मग्रामातील एक विद्यार्थी सायंप्रार्थनेनंतर माझ्या खोलीत आला. हातात जाडजूड इंग्रजी पुस्तक, खिशात वीस पैलूंचा फासा. “फादर, पॅलाडिनच्या शक्ती मला नव्याने मांडायच्या आहेत. धर्माचा प्रश्न आहे, म्हणून तुमच्याकडे आलो.”

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. चारपाच जण टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेतात, एक जण कथा पुढे नेतो आणि संकटाचा निकाल फाशांवर लागतो. १९७५ मध्ये त्यात पॅलाडिन आला: शपथबद्ध धर्मयोद्धा, हस्तस्पर्शाने जखमा बऱ्या करणारा. नाव शार्लमेन राजाच्या दंतकथांतील वीरांचे.

२०१४ च्या नियमांत, शक्ती शिल्लक असेतो, लागलेल्या प्रत्येक वाराला दैवी प्रहाराची जोड देता येई. २०२४ मध्ये ती एका पाळीत एकदाच देता येऊ लागली. शिवाय हस्तस्पर्शालाही तीच जादा कृती खर्चावी लागते. म्हणजे एका पाळीत प्रहार तरी करा, नाही तर बरे तरी करा. मुलाला हा अन्याय वाटत होता.

मला मात्र दुसरेच आठवले. दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेस पायी जाणाऱ्या एका माणसाच्या दारूविषयी मी काही वर्षांपूर्वी वेदीवरून बोललो होतो. नाव घेतले नाही; गरजही नव्हती, साऱ्या माना त्याच्याकडे वळल्या. आठवड्याने त्याच्या पत्नीचा निरोप आला. तो अंथरुणाला खिळला होता. पवित्र तेल घेऊन गेलो, कपाळावर हात ठेवू लागलो, तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. संत इग्नाती लोयोलांनी १५२२ मध्ये मॉन्सेरातच्या वेदीपाशी आपली तलवार ठेवली, हे मी सेमिनरीत शिकलो होतो. ती गोष्ट तलवारीपुरतीच आहे, असे मी समजत आलो होतो.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. तो बराच वेळ पेन्सिल फिरवीत बसला.

“मग असे करू, फादर. पॅलाडिनने ज्याच्यावर प्रहार केला, त्याला बरे करायचे तर स्वतःचे जीवनगुण द्यायचे.”

“आणि त्याने हात झिडकारला तर?”

“तर तो बरा होणार नाही. गुण मात्र गेलेच.”

“हाच नियम ठेव,” मी म्हणालो.

दुसऱ्या सायंकाळी सभागृहात एक खेळाडू कमी पडला, म्हणून मलाच बसविले. पॅलाडिनही मलाच दिला. पहिल्याच वळणावर दरोडेखोर आडवे आले आणि, वाचकहो, मी तलवार उपसून मोकळा झालो.